ऐकणाऱ्याचं दुखणं

बुलढाणा जिल्ह्यात नवख्या माणसाला आधी एकच विचारतात: घाटावरचे की घाटाखालचे? रोहिणखेड घाटाखालचं, तेही अगदी पायथ्याचं. खानदेशच्या नसीरखान फारुकीला बहमनी फौजेने 1437 साली इथेच धूळ चारली, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीचा निकालही इथल्याच लढाईने लावला. एवढ्या फौजांचा गलका या डोंगराने बिनभोंग्याचा ऐकला. आता गावाचा आवाज म्हणजे देवळातला माईक. रेशनचं धान्य आल्याची वर्दी, हरवलेल्या गोऱ्ह्याचं वर्णन, सप्त्यातला पहाटेचा काकडा, सगळं एकाच जाळीतून गाळून गावभर जातं.

असाच एक म्हातारा माईक दुरुस्तीच्या टेबलावर उघडा पडलेला पाहिला. जाळीला एका अंगाने पोचा, आणि मुठीच्या रुंदीएवढा रंग उडून खालचा धातू चमकू लागलेला. नाकाजवळ नेला तर उदबत्ती, तंबाखू आणि कितीएक माणसांचा श्वास. तक्रार जुनीच: मधेच येतो, मधेच जातो. असं झालं की गाव प्रथमोपचार सुरू करतं. एक जण टिचक्या मारतो, दुसरा फुंकतो, तिसरा ‘हॅलो, हॅलो’ करत त्याची मान पिरगाळतो. आजाऱ्याला बरं करायला त्याच्या कानात ओरडावं, ही उपचारपद्धती माईकखेरीज कुणाच्याच नशिबी आलेली नाही.

आणि आतला जीव तो केवढा! केसाहून बारीक तारेची गुंडाळी एका तलम पडद्याला चिकटवून चुंबकाच्या फटीत अधांतरी सोडलेली. माणूस बोलला की पडदा थरथरतो, गुंडाळी हलते आणि जेमतेम काही मिलिव्होल्टची वीज निघते. तीच पुढे मशीन हजारो पटींनी फुगवतं. जर्मनीच्या सीमेन्सने हलत्या गुंडाळीची ही युक्ती 1874 मध्येच पेटंटात मांडली होती, पण एवढासा आवाज मोठा करणारं मशीन तेव्हा होतं कुठे! बेल प्रयोगशाळेच्या वेंटे आणि थुरस यांनी 1931 साली तिचा कामाचा माईक केला. मला यातलं एक फार आवडतं: या माईकला स्वतःला वीज लागत नाही. भारनियमनाने पिचलेल्या मुलखात, निव्वळ ऐकून वीज काढणारा हा एकटाच.

बोलणाऱ्यांचे स्वभावही त्याच्या अंगावर उमटतात. कीर्तनकार वीतभर लांब उभा राहतो. पुढारी माईक जवळजवळ गिळतो, आणि त्यात त्याचा फायदाच असतो, कारण ओठ जाळीला टेकले की अशा माईकमध्ये खर्ज आपोआप वाढतो. ज्या भारदस्तपणाला आपण व्यक्तिमत्त्व समजतो त्यातला निम्मा तरी दोन बोटांच्या अंतराचा असावा, असा मला दाट संशय आहे. गाडगेबाबांना त्याची गरज नव्हती. ते प्रश्न टाकायचे आणि लोकांकडून उत्तर काढून घ्यायचे. निधनाच्या जेमतेम दीड महिना आधी, 1956 साली, बांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून तो आवाज आजही कानी पडतो. ज्या माईकने तो टिपला, त्याची चौकशी मात्र आपण कधी करत नाही.

मेकॅनिककाकांनी जाळी फिरवून काढली. आतला स्पंज बोट लावताच भुगा होऊन सांडला. चुंबकाभोवती काळे बारीक कण उभ्याने चिकटलेले होते. “माती हाय भाऊ,” काका म्हणाले. खरंच होतं. आपली काळी माती लाव्ह्याच्या खडकाची, तिच्या पोटात लोहचुंबकाचे कण असतात. रामनवमीचा धुरळा, यात्रेचा धुरळा, सगळा इथे मुक्कामाला आलेला. चिकटपट्टीचा तुकडा काडीला गुंडाळून काकांनी एकेक कण उचलला, पडद्याला धक्का न लावता, डोळ्यात गेलेलं कुसळ काढावं तसा. मग मल्टिमीटरची टोकं गुंडाळीला टेकवली. काटा सहाशे ओहमच्या आसपास हलला आणि पडद्यातून ‘टिक्’ असा इवलासा आवाज आला.

“माईकले काई नाई झालं. वायरले झालं.”

पिनेजवळची दोन बोटं वायर, जिथे ती रोज दुमडते, आतून तुटलेली होती. वरचं रबर शाबूत, म्हणून दिसत नव्हती. तेवढी कापून काकांनी नवा डाग दिला, बटणाच्या पट्ट्या स्पिरिटने पुसल्या आणि संपलं काम.

पण काकांना हौस भारी. माईक परत जोडण्याआधी त्यांनी ट्रान्झिस्टरच्या कानातल्या वायरीची दोन टोकं त्या गुंडाळीला लावली, आवाज अगदी बारीक ठेवला (जास्त केला तर जळते) आणि पडदा माझ्या कानाशी धरला. आकाशवाणी जळगाव लागलं होतं. कुणी बाई भावगीत म्हणत होत्या, दूरच्या ओसरीवरून यावं इतकं हळू. भोंगा आणि माईक मुळात सख्खे भाऊ. तेच चुंबक, तीच गुंडाळी. एक बोलण्याच्या धंद्यात गेला, दुसरा ऐकत राहिला. इतकी वर्षं गावाचं सगळं ऐकून घेतलेल्या त्या म्हाताऱ्याला बोलता येत होतं, फक्त कुणी त्याला उलटं जोडलं नव्हतं.

तुमच्या देवळात, शाळेत असा एखादा माईक ‘बाद’ म्हणून कपाटात पडला असेल, तर भंगारात घालू नका. आधी वायर बदलून पाहा. आणि चालू झाला की कृपा करून त्यात फुंकू नका, नुसतं बोला.