नीरवपंथी

शांततेची आस लागलेली माणसे पूर्वी हिमालयाची वाट धरीत. हल्ली त्यांतील काही ग्रँट रोड स्थानकावर उतरून लॅमिंग्टन रस्त्याची वाट धरतात. महापालिकेच्या दप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणून नोंदला गेलेला आणि लोकांच्या तोंडी जुन्याच नावाने राहिलेला हा मुंबईचा रस्ता म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांची पेठ. हातगाड्या, हमाल आणि दुकानाच्या पायरीवरून गिऱ्हाइकाला साद घालणारी पोरे यांच्या गलबल्यातून वाट काढीत, दुकानदाराच्या कानाशी तोंड नेऊन 'या पंख्याचा आवाज किती डेसिबल?' असे ओरडून विचारणारा, चाळिशी ओलांडलेला, पाठीला पिशवी लावलेला जो गृहस्थ तेथे दिसतो, तो नीरवपंथी होय.

या पंथाची अधिकृत शिरगणती झालेली नसली, तरी कोथरूडपासून घोडबंदर रस्त्यापर्यंत त्याचे अनुयायी विखुरलेले आहेत आणि त्यांची लक्षणे सर्वत्र इतकी सारखी आढळतात, की एकाचे वर्णन केले असता सर्वांची हजेरी लागावी. पोटापाण्याचे काम हा गृहस्थ कंपनीने दिलेल्या, उघडताच घुरघुरू लागणाऱ्या लॅपटॉपवर बिनतक्रार करतो; नीरवतेचा आग्रह आहे तो केवळ घरच्या संगणकापुरता. तो संगणक कशासाठी, असे कोणी विचारलेच, तर 'चित्रफितींचे संपादन' असे मोघम उत्तर मिळते. भाच्याच्या मुंजीची चित्रफीत त्याच्याकडे संपादनासाठी सोपवलेली आहे, हे खरे. परंतु बटूला आता मिसरूड फुटले असून, त्या फितीबद्दल तगादा लावण्याचे बहिणीने केव्हाच सोडून दिले आहे.

त्याचे शास्त्र मात्र निर्दोष आहे, आणि ऐकणाऱ्याची संमती गृहीत धरून तो ते सविस्तर सांगतो. आधुनिक यंत्राची भूक दांडगी: आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटेच ४५० वॅटपर्यंत वीज खाते, रायझन ९ ७९५०एक्स या प्रोसेसरसाठी निर्मात्याने १७० वॅटचा आकडा मुक्रर केलेला आहे, आणि आत गेलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. ही उष्णता बोटभर जागेतून फुंकून काढायची तर पंखे जोरात फिरवावे लागतात, आणि जोर वाढला की आवाज भडकतो. उलट तोच वेग निम्म्यावर आणला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून उष्णता आधी पाण्याच्या स्वाधीन करावी, कारण एक अंशाने तापताना पाणी आपल्याइतक्याच वजनाच्या हवेच्या चौपट उष्णता पोटात घेते. ते पाणी नळ्यांतून ऐसपैस रेडिएटरात न्यावे, आणि तेथे मोठे पंखे मिनिटाला पाच-सहाशे फेऱ्यांच्या संथ गतीने चालू ठेवावेत. शिवाय पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या क्षणोक्षणी उसळणाऱ्या तपमानाशी न जोडता पाण्याच्या तपमानाशी जोडावा. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते, आणि मग पंखेही उगाच दचकून उठत नाहीत. येथवर सारे बिनतोड आहे. फक्त, ही सगळी उष्णता शेवटी त्याच खोलीतल्या हवेत उतरते आणि पाणी त्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही, हे कलम तो जरा भरभर वाचतो. वैशाखातल्या दुपारी त्याची खोली अशी तापते, की छताचा पंखा शेवटच्या आकड्यावर ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आणि तो पंखा वडिलांच्या कारकिर्दीपासून खडखडत आलेला आहे.

पंथ म्हटला की पूर्वपरंपरा आलीच. १९८५ सालचा क्रे-२ हा महासंगणक, ज्याचे अंतरंग फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात सबंध बुडवलेले असे, त्याच्याविषयी बोलताना या गृहस्थाचा स्वर आदराने खाली येतो. ॲपलने २००४ साली बाजारात आणलेल्या पॉवर मॅक जी-५ मधील द्रवशीतनाचाही तो गौरवाने उल्लेख करतो. त्यांतील काही यंत्रे पुढे गळू लागली, हा अध्याय त्याच्या पोथीत नाही.

निवडीचा कारभार एका तक्त्यात चालतो. रेडिएटर, पंप, पंखे, नळ्या, टाकी, पेटी अशी त्याची खाती. प्रत्येक खात्यात दहा-दहा उमेदवार, आणि प्रत्येकापुढे किंमत, माप, आवाज, मूळ देश व 'शेरा' असे रकाने. एखादी कचेरी जमिनीच्या फेरफाराला लावणार नाही इतका काळ या गृहस्थाला एका रेडिएटराचा निकाल द्यायला लागतो, कारण निकाल दिला की दुसऱ्या दिवशी त्यावर अपील दाखल होते आणि अपील ऐकणारा न्यायाधीशही तोच असतो. ३६० मिलिमीटरचा घ्यावा की ४२०चा. जाड घ्यावा की पातळ. पत्रे दाट असलेला घेतला तर संथ पंख्याची हवा पलीकडे पोहोचायची नाही, विरळ घेतला तर आणखी एक रेडिएटर लागायचा, आणि आणखी एक बसवायचा तर पेटीच बदलायला हवी. पेटी बदलली की तक्त्याची सगळी पाने पुन्हा पहिल्यापासून रुजू करावी लागतात. धातूंच्या बाबतीत मात्र तो कोणतीही हरकत ऐकून घेत नाही. व्यवहारात जातपात न मानणारा, तरुणपणी त्यावर वादविवाद स्पर्धेत पारितोषिक मिळवलेला हा मनुष्य, तांब्याच्या पंक्तीला ॲल्युमिनियम बसू देत नाही. एका प्रवाहात ते दोन धातू आले की विद्युत्-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते आणि त्याचा गाळ सगळीकडे फिरतो, हे कारण शास्त्रशुद्ध आहे, हे आपणही मान्य करू. पण ते सांगताना त्याच्या मुद्रेवर जो सोवळेपणा चढतो, तो रसायनशास्त्राच्या पुस्तकातला नव्हे.

पंख्यांची निवड ही या प्रकरणातील सर्वांत नाजूक मसलत. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ या कंपनीचे पंखे पंथाला विशेष पूज्य आहेत. त्यांचा रंग जिल्हा परिषदेच्या विश्रामगृहाच्या भिंतींसारखा, खाली तपकिरी नि वर बिस्किटी, असतो, आणि तो तसा असूनही लोक चढ्या भावाने ते घेतात, हाच त्यांच्या गुणवत्तेचा पुरावा मानला जातो. त्यांच्या १२० मिलिमीटरच्या एका नामांकित पंख्यात पात्याचे टोक आणि चौकट यांत अवघे अर्धा मिलिमीटर अंतर राखलेले आहे, आणि मिनिटाला २००० फेऱ्यांच्या पूर्ण वेगातही त्याचा आवाज २२.६ डेसिबल असल्याचे कंपनी सांगते. हे पंखे घरी आले, तेव्हा खोक्यावरचे बोधचिन्ह आईच्या दृष्टीस पडले.

"घुबड आणलंस घरात?"

"आई, घुबड उडताना आवाज करत नाही, म्हणून त्यांनी ते चिन्ह घेतलंय. शिवाय ते लक्ष्मीचं वाहन आहे."

"असेल. पण लक्ष्मी तिकडे गेली आणि वाहन तेवढं आपल्याकडे आलं, असं दिसतंय," असे म्हणून, खोक्यावरची किंमत चष्म्याशिवाय वाचून, ती माउली आत निघून गेली.

पत्नीचा आक्षेप अधिक व्यावहारिक असतो. पंथात डी-५ म्हणून वंदनीय असलेला पंप आला, तेव्हा त्याच्या कुळाचा इतिहास सांगण्याच्या भरात, याच घराण्यातले पंप पाणी तापवणाऱ्या सौर यंत्रणांतही चालतात, असे तो बोलून गेला. "मग आधी गच्चीवरचा सोलर चालू करून द्या. चार महिने मुलं गीझरचं पाणी वापरताहेत," हा जो हुकूम सुटला, त्याची अंमलबजावणी अद्याप व्हायची आहे.

नळ्यांच्या प्रश्नावर पंथात उभी फूट आहे. एक पक्ष काचेसारख्या पारदर्शक, तापवून काटकोनात वाकवलेल्या कडक नळ्यांतून जांभळे-हिरवे पाणी खेळवतो, पंख्यांत, पंपावर, स्मृतिपट्ट्यांवर इंद्रधनुष्यी दिवे लावतो आणि काचेच्या पेटीतून ते देखावे आल्यागेल्याला दाखवतो. आमचा गृहस्थ या दीपोत्सवी मंडळींना पाखंडी समजतो. त्याच्या नळ्या काळ्या रबराच्या, जाड आणि अपारदर्शक. त्यांतून पाण्यात काही उतरत नाही आणि त्या पंपाचा कंप पेटीपर्यंत पोहोचू देत नाहीत. पाणीही साधे, ऊर्ध्वपातित, शेवाळ धरू नये म्हणून दोन थेंब औषध घातलेले. ते आणायला तो मोटारीच्या बॅटऱ्या विकणाऱ्याकडे गेला होता.

"पाच लिटर? गाडी कुठली साहेब?"

"गाडी नाही. संगणक आहे."

दुकानदाराने क्षणभर त्याच्याकडे पाहिले, मग हिशेबाच्या वहीत 'ट्रॅक्टर' असे लिहून पाणी दिले.

जोडणी पुरी झाली, तरी यंत्र लगेच सुरू करायचे नसते. पाणी आणि वीज यांचा सहवास निर्धोक असल्याचा दाखला मिळेपर्यंत केवळ पंपाला वीज द्यायची, प्रत्येक सांध्याखाली टिपकागद अंथरायचा आणि २४ तास पहारा करायचा, असा पंथाचा दंडक आहे. या रात्री नीरवपंथी झोपत नाही. तो हातात विजेरी घेऊन दर अर्ध्या तासाने गुडघ्यांवर बसतो, कागद चाचपतो, स्वतःच्याच घामाचा थेंब कागदावर पडला की पंचनामा करतो, आणि पहाटे, कागद कोरडा असल्याची खातरजमा झाल्यावर, ज्या समाधानाने उठतो, ते पदवीदानाच्या दिवशीही त्याच्या चेहऱ्यावर आले नसल्याचे आई सांगते.

आणि मग, ज्यासाठी हा सारा खटाटोप, ती नीरवता एकदाची प्राप्त होते, तेव्हा त्याची खरी दुर्दशा सुरू होते. कारण पंख्यांची घरघर गेली, की तिच्याआड इतके दिवस दडलेली पंपाची गुणगुण ऐकू येऊ लागते. पंपाचा वेग निम्म्यावर आणून त्याला स्पंजाच्या गादीवर निजवावे, तर ग्राफिक्स कार्डातील वेटोळ्यांची किणकिण उघडी पडते. ती तारेच्या सूक्ष्म थरथरीतून येते आणि पाण्याने, पंख्याने वा नवसाने जात नाही. कार्ड बदलावे, तर जुन्या हार्ड डिस्कची करकर. हार्ड डिस्कची उचलबांगडी करावी, तर वीजपुरवठ्याच्या पेटीतला पंखा, एरवी भार वाढेपर्यंत निमूट बसलेला, मध्यरात्री एकदाच हुंकारतो. एकेका आवाजाला घरातून हद्दपार करता करता या गृहस्थाचे घर शांत झाले नाही. त्याचा कान तेवढा तयार झाला. ज्या कानाला पूर्वी रस्त्यावरची मिरवणूक खिडकी लावून घेतल्यावर सोसत असे, त्याला आता भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सोसत नाही. घड्याळ उतरवले गेले. सध्या शीतकपाट चौकशीखाली आहे.

सरकारचे म्हणणे याबाबत फारच उदार आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २०००चे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मंजूर करतात. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रातसुद्धा रात्री ४० चालतात. म्हणजे सरकारी शांततेपेक्षाही खाली उतरलेले यंत्र याच्या टेबलाखाली बसलेले असते, आणि भाद्रपदात ढोलपथकाचा सराव त्याच्या खिडकीखाली चालतो. त्या सरावाविरुद्ध त्याने कधी अर्ज केल्याचे ऐकिवात नाही. ढोलाला, त्याच्या मते, निदान ताल असतो.

यंत्र इतके निःशब्द झाल्याचे दुष्परिणामही आहेत. ते चालू आहे की बंद, हे त्याच्याखेरीज कोणालाच कळत नाही. केर काढायला येणाऱ्या मावशींनी एकदा, इस्त्रीसाठी जागा हवी म्हणून, त्याची वायर भिंतीतून उपटली. मुंजीच्या चित्रफितीचे, अखेर सुरू झालेले, काम तेथेच संपले. "बंद होता की तो दादा, काही आवाज नव्हता," या मावशींच्या जबानीत त्याला तक्रारीची जागा सापडेना. ते वाक्य त्याने पुढे मित्रांना प्रशस्तिपत्रासारखे ऐकवले.

एका मित्राने त्याला सरळ विचारले होते, की नॉक्टुआचाच एनएच-डी १५ हा मोठा हवाशीतक, दोन १४० मिलिमीटरच्या पंख्यांचा, २०१४ सालापासून बाजारात मिळतो. त्याने प्रोसेसरपुरते तरी जवळपास हेच साधले असते, खर्च फार कमी झाला असता आणि गळण्याची चिंता उरली नसती. प्रश्न रास्त होता, आणि माझ्या मते उत्तरही त्यातच होते. परंतु नीरवपंथीयाने मित्राकडे ज्या करुणेने पाहिले, तिच्यात क्रोधाचा अंश नव्हता. "त्यात निवडायला काय आहे?" एवढेच तो म्हणाला.

तूर्त त्याची नजर एका जर्मन बाह्य रेडिएटरावर खिळली आहे. त्याला १४० मिलिमीटरचे नऊ पंखे बसतात, आणि तो पेटीत न ठेवता खोलीबाहेर, गॅलरीत, उभा करायचा. म्हणजे उष्णताही बाहेर, पंखेही बाहेर. त्यासाठी भिंतीला दोन भोके हवीत, आणि भिंत बाहेरची असल्याने ती गृहनिर्माण संस्थेच्या मालकीची. त्याने रीतसर अर्ज केला: 'विषय: भिंतीस दोन छिद्रे पाडून पाण्याच्या नळ्या नेण्याची परवानगी मिळणेबाबत.' कार्यकारी समितीच्या सभेत त्यावर इतका कोलाहल झाला, की खालच्या मजल्यावरच्या सभासदांनी आवाजाबद्दल तक्रार नोंदवली. एकाला ओल येण्याची भीती, दुसऱ्याला ही हातपंपाची सुरुवात वाटली, तिसऱ्याने संगणकाला पाणी लागतेच कशाला हा मूलभूत प्रश्न उपस्थित केला, आणि अध्यक्षांनी तो अर्जदाराने समजावून सांगावा अशी सूचना केल्यामुळे सभा रात्री उशिरापर्यंत चालली. अखेर अर्ज सचिवांच्या शेऱ्यासह परत आला: 'पाण्याचा वापर निवासी की व्यावसायिक, याचा लेखी खुलासा व्हावा. तोपर्यंत प्रकरण तहकूब.' खुलाशाचा मसुदा तयार होत असून परिशिष्टे अकरा पानांवर गेली आहेत. एकूण पाणी दीड लिटर, वर्षातून एकदा बदलावयाचे, असे त्यात नमूद केलेले आहे. पाणीपट्टी कोणत्या दराने लावायची, ते त्याने समितीवर सोपवले आहे.