भोकांचा भाव
बेसाल्टच्या राशीवर बसलेल्या महाराष्ट्रात कुणी दगड किलोवर विकत घेऊ लागला, तर घरचेच त्याची चेष्टा करणार, आणि ती रास्तही आहे. पण खाऱ्या पाण्याचा रीफ टँक लावायचा तर दगड हवाच; तोही ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे समुद्रातून ओलाच उचललेला, असा हट्ट धरणारे पुष्कळ. माझे म्हणणे एवढेच, की या खरेदीत पैसे मोजावेत ते भोकांचे, जिवाचे नव्हे. दगड स्वतः जिवंत नसतोच. त्याच्या भोकांत बिऱ्हाड केलेले जिवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. ऑक्सिजन पोहोचत नाही अशा आतल्या कपारींत दुसरे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. ही मंडळी कोरड्या चुनखडी दगडातही राहायला येतात. जुन्या, निरोगी टँकमधला एक ओला तुकडा विरजणापुरता ठेवला आणि अमोनियाची सोय केली, की साधारण महिना-दीड महिन्यात टँक लागतो. फिजीने २०१७च्या अखेरीस लाइव्ह रॉकची निर्यात बंद केली, तेव्हा अमेरिकेतले शौकीन फ्लोरिडाच्या जमिनीतून खणलेल्या जुन्या प्रवाळ-दगडाकडे आणखीच वळले. टँक काही ओस पडले नाहीत.

ओल्या दगडाबरोबर जांभळे शेवाळ, स्पंज, बारीक जीव येतात, हे खरे. कोरड्या दगडाचा टँक पहिले काही महिने तपकिरी, बुळबुळीत दिसतो, हेही खरे. पाहुण्यांना तेवढे दिवस चहा दुसऱ्या खोलीत द्यावा. पण त्याच ओल्या दगडातून एप्टेशिया नावाचे उपद्रवी समुद्रफूलही येते. त्याला खुडले, तर उरल्या तुकड्यातून ते पुन्हा उगवते, आणि आपण पैसे देऊन आणलेल्या प्रवाळाला डंख करते. ‘ओला दगड पाण्याचा पीएच सांभाळतो’ हे दुकानी शास्त्र आहे: रीफ टँकच्या ८.१-८.३ पीएचला चुनखडी जवळपास विरघळतच नाही. कोरड्या दगडातून फॉस्फेट मात्र सुटू शकते. म्हणून तो बादलीत भिजत ठेवावा, पाणी बदलावे आणि तपासावे. फुकटात भागवू म्हणणाऱ्यांनी मालवणच्या समुद्राकडे बघू नये. दगडी प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत, आणि त्या दगडाचा हिशेब किलोवर होत नाही. कोकणचा जांभा भोकांचा खरा, पण लोहाने भरलेला. बेसाल्ट निरुपद्रवी, पण बहुधा ठोस. म्हणून दुकानातला एकेक तुकडा हातात घेऊन, आकाराच्या मानाने हलका तोच निवडावा. दुकानदार वैतागून म्हणेल, ‘अहो, सगळे एकाच भावाचे आहेत!’ त्याचेच तर आभार मानायचे: भाव किलोचा, आणि भोकांना वजन नसते.