टॉवर येईल तेव्हा येईल, ब्लूटूथ आज आहे

भामरागड, एटापल्ली, धानोरा. गडचिरोलीच्या या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत मोबाइल खिशात असतो आणि रेंज टेकडीवर. विचारायला जावं तर उत्तर ठरलेलं: टॉवर मंजूर आहे. मंजुरीच्या कागदावरून फाइल जात नाही, हे आता मोठ्याने सांगायची वेळ आली आहे. तोवर जे हातात आहे ते तरी वापरा.

हातात काय आहे? ग्रामपंचायतीचा संगणक. लॅपटॉप असेल तर त्यात ब्लूटूथ बहुधा असतंच. टेबलावरच्या जुन्या संगणकात नसेल, तर काही शे रुपयांचं डोंगल यूएसबीत खोचलं की झालं. सिम नको, रिचार्ज नको. पल्ला साधारण दहा मीटर, म्हणजे पंचायतीच्या ओट्यापर्यंत. अर्ध्या तासाचं बोलणं नीट दाबून साठवलं तर पंधराएक एमबी होतं. ते मिनिट-दीड मिनिटात फोनमध्ये उतरतं. सिनेमे पाठवायला हा रस्ता निकामी आहे. आवाजाला आणि कागदाला पुरून उरतो.

सीमेपलीकडे छत्तीसगडात हे करून झालं आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या ‘सीजीनेट स्वरा’ने २०१० पासून साध्या फोनवरून तक्रार, बातमी, गाणं नोंदवायची सोय केली. त्यातूनच पुढे ‘बुल्टू रेडिओ’ निघाला. गावोगावचे आवाज संगणकावर जोडायचे, ती फाइल इंटरनेट असलेल्या ठिकाणी एकदा उतरवायची आणि तिथून पुढे फोन ते फोन, ब्लूटूथने. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते, तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. तिच्या लोकांचा आवाज मात्र कुणाची वाट न पाहता असा फोन ते फोन पोचला. मग गडचिरोलीत ते का नको?

माझी मागणी रेडिओच्याही अलीकडची आहे. तेंदूचा हिशोब द्या. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. सत्तर पानांचा एक पुडा. ऐन उन्हात घरातली बाई, पोरं, म्हातारी मिळून ते बांधतात. कोणाचे पुडे किती, दर काय ठरला, ठेकेदाराकडून आले किती, बाकी किती, हे रजिस्टरात असतं आणि रजिस्टर कपाटात. ही यादी संगणकावर चढवा. कुणाकडून तरी ती इथल्या माडिया बोलीत वाचून घेऊन ध्वनिमुद्रित करा, कारण ज्याला वाचता येत नाही त्याचाही पैसा त्यात आहे. ग्रामसभेच्या दिवशी ज्याला हवी त्याला ती ब्लूटूथने द्या. ऐकलेला हिशोब माणूस घरी जाऊन पुन्हा ऐकू शकतो. ग्रामसभेत एकदा भराभर वाचलेला नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. आवाज फोनवर नोंदवून ती फाइल संगणकाला पाठवली की जात नाही, आणि लोक म्हणतात मशीन बिघडली. बिघडलेली नसते. विंडोजमध्ये आधी ब्लूटूथच्या चिन्हावर जाऊन ‘रिसिव्ह अ फाइल’ निवडून ठेवावं लागतं, तेव्हाच संगणक घेतो. संगणक परिचालकांच्या प्रशिक्षणात एवढं शिकवायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं कुणी दिली नाहीत, याचा मला राग आहे.

सावधगिरीही तितकीच हवी. पेअर करताना दोन्ही पडद्यांवरचा आकडा एकच आहे का बघा. काम झालं की संगणक सगळ्यांना दिसेल असा उघडा ठेवू नका. अनोळखी फोनवरून आलेली एपीके फाइल घेऊच नका, ती गाण्याच्या नावाने आली तरी.

तेंदूचा हंगाम मे महिन्याचा. त्याआधी डोंगल विकत घ्या, यादीचा नमुना ठरवा, माडिया वाचणारा आवाज शोधा. संकलनाच्या फळीवर पहिला पुडा पडेल त्या दिवसापासून नोंद संगणकावर चढली पाहिजे.