चमचा आणि अंगठा

2025 च्या मे महिन्यात, भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला असताना, आमच्या अण्णाकाकांनी कराची घेतली. 8 तारखेच्या रात्री, लुंगी-बनियनवर. चॅनेलवाल्यांनी बंदर आधीच बेचिराख केलं होतं. काकांनी बातमी फॅमिली ग्रुपवर टाकून ताबा पक्का केला. लगोलग मावशींनी इस्लामाबाद जिंकलं. सकाळी बघतो तर दोन्ही शहरं जागच्या जागी, आणि काकांचा 'शुभ सकाळ'वाला गुलाबही.

पुराव्यादाखल त्यांनी व्हिडिओ टाकला होता. आकाशात आगीचे लोळ, खाली कोसळणारी विमानं. त्यांच्या नातवाने एका नजरेत ओळखलं, "आजोबा, ही आर्मा थ्री आहे."

"बघितलंत? आपल्याकडे थ्रीसुद्धा आलं!" काकांचा ऊर भरून आला. आर्मा थ्री हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे, हे त्यांना सांगायची कोणाची छाती झाली नाही.

चॅनेलांनी तर फोडणीला मोहरी टाकावी तसा प्रत्येक बातमीला भोंगा लावला. शेवटी नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयाला बजावावं लागलं, की हवाई हल्ल्याचा भोंगा कार्यक्रमात वाजवू नका. उद्या खरा वाजला तर लोक दुर्लक्ष करतील. त्याच सुमारास 'एटीएम दोन-तीन दिवस बंद' अशी वावडी उठली. सरकारने ती खोटी म्हणून सांगितली, पण तोवर आमच्या कोपऱ्यावर रांग लागली होती. संध्याकाळी मशीनमधल्या नोटा संपल्या. एटीएम बंद! अफवा खरी ठरवायला लोकांनी स्वतः हातभार लावला.

ही सगळी मोबाइलची करणी, असं म्हणाल तर थांबा. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला, तेव्हा आपल्यातल्या कोणाच्या खिशात फोन होता? बातमी लँडलाइनवरून आणि एसटीडी बूथवरून, पैसे मोजून गेली आणि दिवसभरात देश ओलांडून पलीकडे पोचली. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, की दूध बाप्पाच्या पोटात जात नाही, अंगावरून ओघळतंय, करामत पृष्ठताणाची. पण त्या दिवशीच्या भाविकांचं एक मानलंच पाहिजे. ते रांगेत उभे राहिले, पदरचं दूध आणलं, हातात चमचा धरून स्वतः करून पाहिलं. निष्कर्ष चुकला, पण प्रयोग तरी झाला! आता चमच्याची जागा अंगठ्याने घेतली आहे, आणि अंगठ्याला प्रयोगाची भानगड लागत नाही.

तो अंगठा दर वेळी विनोदीच असतो असंही नाही. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी गावात आले. 'मुलं पळवणारी टोळी फिरतेय' हा मेसेज त्यांच्या आधीच पोचला होता. जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. देशात इतरत्रही असे बळी जात होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने जाहीर केलं, की भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल. आकडा योगायोगाचा, पण डोक्यातून जात नाही.

इकडे 2025 मध्ये 10 मेला गोळीबार थांबला. कराची हातची गेली म्हणून काका दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "काका, ते बंदराचं सगळं खोटं निघालं हो."

"असेल," काका चष्मा पुसत म्हणाले, "पण पाठवायला काय पैसे पडतात?"

मला एसटीडी बूथमधला तो लाल आकड्यांचा मीटर आठवला. तोंडातून शब्द निघाला, की आकडा पुढे सरकायचा.