रेडी गावास, एका तांबड्या पुणेकराकडून

मु. पो. रेडी, तालुका वेंगुर्ले, यांस,


गेल्या शनिवारी आम्ही कोथरूडहून निघून, आंबोली घाट उतरून आपल्याकडे आलो होतो. आपल्या लक्षात नसेल. पुण्यात दुकानदाराने ढुंकून पाहिलं नाही तर तो आमच्या शहराचा बाणा. पण एवढं पेट्रोल जाळून तेच सोसायचं म्हणजे फार झालं. भेटेल तो एकच विचारी, "मायनिंगकडे इलात?" अहो, टोपी, गॉगल, पोटावर कॅमेरा! खाणीवर कोण असं नटून येतं?

आणि ती धूळ! गाडी पांढरी होती, हे आता आरसी बुक दाखवून सिद्ध करावं लागतं. खनिजाचा पहिला ट्रक गेला, गुलाबी झाली. दुसरा गेला, विटकरी. तिसरा गेला तेव्हा मी काच खाली करून रस्ता विचारत होतो. दातांत अजून लोहखनिज कचकचतंय. झावळ्या तांबड्या, गडगे तांबडे, दोरीवरचा कुणाचा तरी शाळेचा शर्टही तांबडा. ऐहोळेच्या 634 सालच्या शिलालेखात चालुक्य मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकल्याचं आहे, आणि ते रेवतीद्वीप म्हणजे आपणच, असं अभ्यासक मानतात. तो सैन्य घेऊन आला म्हणून निभावलं.

यशवंतगड बरा आहे, वडाच्या मुळांनी भिंती धरून ठेवल्यात. द्विभुज गणपतीही पाहिला. 1976 साली त्याचा दृष्टान्त झाला तोही खाणीवरच्या ट्रकचालकालाच. म्हणजे देवालासुद्धा पर्यटकाचं काही पडलेलं नाही.

बंदराच्या वाटेवर चहाला थांबलो. टपरीवरचा म्हातारा ट्रकच्या नुसत्या आवाजावर माझ्या ग्लासावर बशी पालथी घाली. ट्रक गेला की उचली. मी धुळीचं गाऱ्हाणं मांडलं. तो बशी पुसत म्हणाला, "मायनिंग चालू असला की धूळ खातंव. बंद पडला की ती पण नाय."

चहा मुकाट्याने प्यायलो. खनिज बार्जमधून जहाजावर, जहाज परदेशी, आणि तुझ्याकडे पाणी साठलेले खड्डे. वर आमचे रीलवाले कॅमेरा तेवढा समुद्राकडे फिरवून म्हणणार, 'अस्पर्श कोकण'! अस्पर्श? तुझी आतडी बाहेर काढलीत रे! आणि मी रडतोय गाडीच्या रंगाला.

रविवारी रात्री परतलो. सकाळी गाडी धुणाऱ्या पोराने तिसरी बादली ओतली आणि विचारलं, "काका, खाणीवर गेला होता का?"

हो म्हटलं.

पुढच्या खेपेला एसटीने येईन. ती आधीच लाल असते.

कळावे,
एक पुणेकर