बिनखर्ची द्रोणाचार्य

चाकणच्या कुठल्याही मोठ्या कारखान्यात एक ट्रेनिंगवाले साहेब सापडतातच. पूर्वी ते माणसं लोणावळ्याला न्यायचे. एसी बस, दिवसा दोराखालून सरपटायचं टीम बिल्डिंग, रात्री बुफे. मग वरून फर्मान आलं: बजेट निम्म्यावर आणा. साहेबांनी ते पाव टक्क्यावर आणून दाखवलं.

लोणावळ्याचा वर्ग आधी कॉन्फरन्स रूममध्ये आला, तिथून कॅन्टीनमागे आणि शेवटी मोबाइलमध्ये. तीन दिवसांचा कोर्स आता चार मिनिटांच्या व्हिडिओत मावतो. कुणी कुरकुरलं की साहेब मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस काढतात. "शिकलेलं माणूस भराभर विसरतो, हे त्यानं १८८५ सालीच दाखवलंय. मग थोडंच शिकवा, विसरायलाही सोपं!" व्हिडिओ पळवता येत नाही, म्हणून लोक तो लावून चहाला जातात. अहवालात हजेरी शंभर टक्के.

प्रशिक्षण कसं जोखावं, याच्या चार पायऱ्या कर्कपॅट्रिकनं १९५९ मध्ये मांडल्या: आवडलं का, समजलं का, कामात उतरलं का, कंपनीला फायदा झाला का. साहेब पहिल्या पायरीवरच बैठक मारून होते. जेवणात पनीर होतं तोवर पाचपैकी पाच गुण मिळत. पनीरच्या जागी वडापाव आला आणि गुण घसरले. साहेबांनी तत्परतेनं फीडबॅक फॉर्मच बंद केला. कागदही वाचला.

त्यांचं आवडतं सूत्र म्हणजे ७०-२०-१०. माणूस सत्तर टक्के कामातून शिकतो, वीस टक्के सहकाऱ्यांकडून, दहा टक्के वर्गात. साहेबांनी यातून काढलेला निष्कर्ष: नव्वद टक्के फुकट, उरलेली दहा टक्के चैन. त्यांचा आदर्श विद्यार्थी अर्थातच एकलव्य. वर्गखोली नाही, प्रवासभत्ता नाही, वर गुरूलाच आवक!

वीस टक्क्यांच्या शोधात ते परवा शॉप फ्लोअरवर उतरले. एक जुने ऑपरेटर नव्या पोराला मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखायला शिकवत होते. साहेबांनी तिथल्या तिथं त्यांच्या छातीवर 'मास्टर ट्रेनर' असा बिल्ला लावला. पगारवाढ अर्थातच नाही.

"काका, आजपासून शिकवायचं काम तुमचं."

"साहेब, ते तर मी पहिल्यापासून करतोय. मग तुम्ही काय करणार?"

"मी? मी वाचलेला खर्च मोजणार."