मानव्यविद्यांची वसुली

भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान अशा माणसाविषयीच्या अभ्यासांना, म्हणजेच मानव्यविद्यांना, दहावीला कमी गुण मिळालेल्यांसाठी राखून ठेवण्याची जी दूरदृष्टी आजच्या पालकवर्गाने दाखवली आहे, तिचे कौतुक करावे तितके थोडेच आहे. विषयाचे मूल्य पॅकेजवरून, म्हणजे पहिल्या नोकरीच्या वार्षिक पगारावरून, ठरवण्याचे हे शास्त्र मागील तारखेपासून लागू केल्यास कोल्हापूरचाही हिशेब चोख होईल. तिथल्या राजाराम कॉलेजात शिकलेले गोपाळ कृष्ण गोखले पुढे तुटपुंज्या वेतनावर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत राहिले, तर कोल्हापूरकर कादंबरीकार वि. स. खांडेकरांना ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या ‘ययाति’मुळे शेजारच्या शिरोलीच्या एकाही फाउंड्रीचे उत्पादन वाढले नाही, हे दोन्ही खर्च बुडीत खाती टाकणेच योग्य ठरते.

त्याच न्यायाने इतिहासाचे वर्गही बंद करावेत. त्यामुळे इतिहासावरून निघणाऱ्या मोर्चांना मुळीच बाधा येणार नाही, कारण मोडी, म्हणजे जुन्या दप्तरांची लिपी, वाचता येण्याची अट मोर्चेकऱ्यांना कधीच नव्हती. उलट, कागद वाचणारा कोणी उरला नाही, तर प्रत्येक मत आपोआप निर्विवाद होईल.

या सुधारणेत एकच तांत्रिक अडचण संभवते. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या उभारणीचे काम पहिले कुलगुरू म्हणून डॉ. आप्पासाहेब पवार या इतिहासकाराकडे सोपवले गेले. प्लेसमेंट सेल, म्हणजे विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळवून देणारा कक्ष, नसलेल्या काळात अशा चुका होत असत.